घरातलं एकच नाक

६ जानेवारी, सोमवार

कडू बदामाला आज साबण म्हटलं! तेही सगळ्यांसमोर.

सकाळची बैठक. टेबलाभोवती अर्कांचे वास तपासणारं आमचं पॅनेल, प्रत्येकाच्या हातात अर्कात बुडवलेली कागदी पट्टी. बिस्किटांसाठी जाणारा बदामाचा अर्क, वर्षानुवर्षं माझ्याच सहीने बाहेर पडणारा. हुंगलं. कोपराच्या खळग्यात नाक घालून जरा विसावा दिला. परत हुंगलं. साबणच! आणि मागे ओल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी. "बॅच परत पाठवा," म्हणून मी मोकळी झाले. बाकीच्यांनी पट्ट्या परत नाकाशी धरल्या. मग केयूर हळूच म्हणाला, "ताई, मला तर व्यवस्थित बदाम येतोय." मग दुसरा तेच म्हणाला. मग तिसरी. जुन्या, पास झालेल्या बॅचची पट्टी मागवली – तीही मला साबण!

आमचे विभागप्रमुख जयवंत सर नुसतं खिडकीबाहेर बघत राहिले. त्यापेक्षा माणूस ओरडला तर बरं वाटतं.

मार्चअखेरीस आमची, म्हणजे पॅनेलवरच्या सगळ्या नाकांची वार्षिक परीक्षा. तीन पट्ट्या, दोन सारख्या, एक वेगळी. वेगळी कोणती ते सांगायचं. नापास तो पॅनेलबाहेर, मग तो कोणी का असेना. हा नियम सरांकडून मीच हट्टाने करून घेतला होता. घ्या आता!

चकाल्याहून मेट्रोने घाटकोपर, मग रिक्षाने पंतनगर. घरी पोचले तेव्हा पाय म्हणजे लाकूड झाले होते. विद्याधरला काही सांगितलं नाही.

७ जानेवारी

सर्दी असेल. सर्दीच असणार.

११ जानेवारी, शनिवार

सर्दी नाही. नाक मोकळं आहे, श्वास मोकळा आहे, आणि व्हॅनिला पातळ येतोय, केळ्याचा अर्क रंगाच्या डब्यासारखा येतोय. आज सकाळी विद्याधरला सगळं सांगून टाकलं. त्याने पेपर खाली ठेवला. हा माझा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला नवरा, बिघाड म्हटला की आधी तार कुठे तुटली ते शोधायचं, एवढंच त्याला माहीत. म्हणाला, "चल, घरी तपासू. मिसळणाचा डबा आहेच की."

गोळ्यांच्या रिकाम्या डब्या धुऊन घेतल्या. जिरं, धणे, लवंग, दालचिनी, वेलची, जायफळ, ओवा, हिंग. मी डोळे मिटून बसायचं, त्याने एकेक डबी नाकाशी धरायची.

"जिरं."

"बरोबर."

"ओवा? – हो, ओवा."

"बरोबर."

सगळ्या बरोबर! एकूण एक! वास दबल्यासारखे येत होते, भिंतीपलीकडून कोणी बोलावं तसे, पण नावं बरोबर निघाली. मला रडूच आलं. विद्याधर म्हणाला, "रोज करू. सकाळी चहाच्या आधी. सवय राहील."

एक मात्र आहे – झाकण लावायला या माणसाला किती वेळ लागतो! डोळे मिटून बसले की ते डबीवर टकटक, टकटक वाजत राहतं. "लवकर रे," म्हटलं. "घाई कसली आहे," म्हणाला.

१४ जानेवारी, संक्रांत

तीळ जळाले. रजा घेतली होती, तीळ मंद आचेवर ठेवले आणि न्हायला गेले. विद्याधरला बजावून गेले होते, लक्ष ठेव. बाहेर येते तर दारात सुलक्षणावहिनी, समोरच्या ब्लॉकमधल्या. "अगं वसुधा, जिन्यापर्यंत जळका वास येतोय!" आणि हा बाबा स्वयंपाकघराच्या दारात, कढईपासून चार पावलांवर, शब्दकोडं सोडवत बसलेला! मी धूर बघितला तेव्हा मला कळलं, हेही खरंच. पण मी बाथरूममध्ये होते. हा तिथेच होता!

"तुला कळलं नाही?"

"घरात नाक तुझं आहे, वसु. मी कशाला हुंगत बसू?"

हे याचं जुनंच. लग्न झाल्यापासून घरात उदबत्ती नाही, देवापुढे नुसतं निरांजन. साबण बिनवासाचा. याने अत्तर सोडलं, मी गजरा सोडला. सकाळी मोगरा माळला तर दिवसभर पट्ट्यांवर मोगराच येणार. फोडणी दार लावून, हिंग घट्ट डबीत. माझ्या नोकरीसाठी सगळं घरच बिनवासाचं झालं. तेव्हा त्याचं नाक गंजलं असेल तर दोष कुणाला द्यायचा?

पण लक्ष ठेवायला नाक कशाला लागतं, डोळे पुरतात! आळस नुसता. दुकानातला तिळगूळ आणून वाटला.

२० जानेवारी, सोमवार

केयूरचं आज व्याख्यान होतं. आमच्या संशोधन विभागातला हा मुलगा, मुलगा म्हणजे तिशीचा, नुकतंच लग्न झालेला. विषय – नाकातले एन्झाइम. आम्हाला शाळेत 'विकर' शिकवलं होतं. पाठ करून विसरून गेलो.

म्हणाला, वास नाकात शिरला की सरळ मेंदूकडे जात नाही. आधी त्याला नाकातल्या ओल्या थरातून जावं लागतं. "म्हणजे म्युकस." मागून कुणीतरी ओरडलं, "शेंबूड म्हण ना यार सरळ!" सगळे हसले. केयूरही हसला. "बरं, शेंबूड. तर आपल्या शेंबडात एन्झाइम असतात. वासाचे काही रेणू ते पकडतात आणि त्यांचं दुसरंच काहीतरी करून टाकतात. एका श्वासाच्या आत." कडू बदामाचंच उदाहरण दिलं त्याने. बदामाचा रेणू नाकात आला की त्यातला थोडा भाग तिथल्या तिथे बदलतो. मेंदूला मिळतं ते मिश्रण – थोडं पट्टीवरचं, थोडं आपल्याच नाकाने बनवलेलं. परदेशात उंदरांवर प्रयोग झालेत म्हणे. त्यांच्या नाकातले हे एन्झाइम बंद पाडले, तर ओळखीचा वास त्यांना ओळखीचा राहत नाही.

माझी पेन्सिल हातातच राहिली.

म्हणजे इतकी वर्षं मी हुंगत होते तो बदाम नव्हताच! तो माझ्या नाकाने शिजवलेला बदाम होता. प्रत्येक नाकात आपापलं स्वयंपाकघर. भाजी तीच, फोडणी ज्याची त्याची.

जेवणाच्या सुट्टीत केयूरला गाठलं. "ते एन्झाइम कमी झाले तर?"

"तर काही वास बदलतील, ताई. सगळे नाही. जे एन्झाइममुळे बदलतात तेच."

"बदामाचा साबण होईल?"

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं. "साबण होईल की काय होईल, ते सांगता नाही येणार. पण वेगळा होऊ शकेल," म्हणाला. भला मुलगा आहे.

२१ जानेवारी

आज बऱ्याच दिवसांनी डबा पूर्ण संपवला. नाक मेलेलं नाही. त्यातली चूल मंदावली आहे. मंदावलेली चूल फुंकता येते!

१ फेब्रुवारी, शनिवार

नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. टिळक रोडवरचा दवाखाना, बाहेर गर्दी, आत एसीचा गारठा. नळी घालून बघितलं. वरच्या बाजूला सूज आहे, मांस थोडं वाढलंय. फवारा दिला. "वयाने पण थोडं जातंच हं," हेही ऐकवलं. एन्झाइमचं विचारलं तर म्हणाल्या, "असेलही. पण ते मोजायची सोय माझ्याकडे नाही."

मग म्हणाल्या, हात पुढे करा. बोटं पसरा. बटणं लावायला त्रास? चालणं हळू झालंय? मी म्हटलं, हे कशासाठी? तर काही लोकांचा वास आधी जातो आणि कंपवात, म्हणजे पार्किन्सन, कितीतरी वर्षांनी दिसतो. म्हणून त्या वास गेलेल्या प्रत्येकाला हे विचारतात. बऱ्याच जणांना तर वास गेलाय हे स्वतःला कळतही नाही. हळूहळू गेलेलं कळत नाही, म्हणाल्या.

माझा हात स्थिर होता. देवा! घाबरायचं आणखी एक कारण तेवढं कमी झालं.

बाहेर विद्याधर बाकावर बसलेला. निघायचं तर याच्या सँडलचा पट्टा लागेना. रिक्षा थांबलेली, रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, आणि हा वाकून पट्ट्याशी खेळतोय! शेवटी मीच वाकून लावला. "पोरासारखं काय रे," म्हटलं. हसला नुसता. हल्ली चालतोही पाय ओढत. निवृत्त झाल्यापासून सगळंच सावकाश – मला धावपळ आणि याला निवांतपणा!

४ फेब्रुवारी

फवारा कडू लागतो. घशात उतरतो. चव तेवढी शाबूत आहे म्हणायची.

८ फेब्रुवारी, शनिवार

घरच्या डब्या – सगळ्या बरोबर. रोज. ऑफिसच्या पट्ट्या – बदाम चूक, केळं चूक, संत्र्याच्या सालीतला तो मेणचट वास चूक.

हे विचित्र आहे! नाकच गेलं असतं तर घरीही गेलं असतं. म्हणजे केयूर म्हणतो तसंच आहे. ठरावीक रेणूच बिघडतात, बाकी ठीक. नाक ठणठणीत, एन्झाइम कमी. मी हे त्याला सांगितलं तर पोरगा खुर्चीतून उठलाच. "ताई, हे झकास आहे! तुमच्या म्युकसचा नमुना घेऊया?"

वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी शेंबडाला मागणी आली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

नाकात कापसाची वात घालून बसले, अशी दिसत होते की देवापुढे लावायचीच बाकी! पॅनेलवरच्या सगळ्यांनी घातली. केयूरने प्रत्येकाची वात पिळून बाटलीत थेंब काढले, त्यात बदामाचा अर्क घातला, बाटल्या अंगाइतक्या कोमट ठेवल्या आणि मग यंत्राला विचारलं, बदाम किती उरला?

बाकीच्यांचा बराच बदललेला. माझा जवळजवळ तसाच!

म्हणजे खरं आहे. मी आळशी नाही, म्हातारी नाही, खोटारडी नाही. माझ्या नाकातल्या थेंबात काहीतरी कमी आहे, आणि ते यंत्रात दिसतं. आनंद झाला की दुःख झालं, कळेना. दोन्ही झालं. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

केयूर मात्र सावध. "एका माणसावरून, एका दिवसावरून काही म्हणता येत नाही, ताई. सूज, फवारा, काहीही असेल. पण घरच्या चाचणीत तुम्हाला बाकी वास नीट येतात, हे महत्त्वाचं आहे. ती चाचणी नीट घेता ना? देणाऱ्याला उत्तर माहीत नसतं ना?"

"हो तर," म्हटलं.

का म्हटलं? पॅनेलवर येणाऱ्या प्रत्येक नवीन माणसाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवते – पट्टी देणाऱ्याला उत्तर माहीत नको. त्याच्या चेहऱ्यावरून कळतं, आवाजावरून कळतं, तो थांबला तरी कळतं. म्हणून तर आमच्या पट्ट्यांवर नुसते आकडे. पण घरी मी डोळे मिटून बसते. चेहरा दिसतच नाही. आणि विद्याधर 'बरोबर' म्हणतो तो सपाट, बातम्या वाचल्यासारखा. त्याला काय आंधळी चाचणी करायला लावणार! साधा माणूस.

२४ फेब्रुवारी, सोमवार

जयवंत सरांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला, म्हणजे बातमी वाईट. "वसुधाताई, परीक्षेला न बसताही मार्ग आहे. ट्रेनिंगचं बघा. नवीन मुलांना तयार करा." मी म्हटलं, "सर, मी परीक्षेला बसणार. केयूरकडे आकडे आहेत. माझं नाक गेलेलं नाही. काही अर्कच वेगळे येतात, त्यांची मी नव्याने ओळख करून घेईन. साबण म्हणजे बदाम, असं पाठ करीन!"

"तुमची मर्जी," म्हणाले.

पाठ करीनच. नवीन देशात गेलेला माणूस भाषा शिकतोच ना?

पण थकायला होतं. दिवसभर तेच ते हुंगायचं, चुकायचं, परत हुंगायचं. घरी आले की बोलायचं त्राण नसतं. विद्याधरने खिचडी केली होती. मीठ एवढं की घशाखाली उतरेना. तो मात्र वर लोणचं घेऊन खात होता. जिभेला सगळंच सपक लागतं म्हणे हल्ली. मी भांडले नाही. पाणी पीत खाल्ली.

३ मार्च

हुंगायचं. कोपर. हुंगायचं. कोपर. स्वतःच्या कोपराचा वास तरी खरा का, अशी शंका येऊ लागली आहे.

१० मार्च, सोमवार

केयूर आज जरा अडखळत आला. "ताई, एक विचारू? घरच्या डब्यांत जिरं आहे ना? आणि दालचिनी?"

"आहे."

"दोन्ही बरोबर येतात?"

"नेहमी."

"मग माझा हिशेब बसत नाही. जिऱ्याचा मुख्य वास, दालचिनीचा मुख्य वास, दोन्ही बदामाच्याच जातकुळीतले. बदाम बिघडला तर तेही थोडे तरी बिघडायला हवेत. तुमच्या नाकाला ऑफिसातला बदाम परका आणि घरातलं जिरं ओळखीचं – असं कसं?"

मी म्हटलं, घरचं जिरं ताजं असतं. काहीही! माझं मलाच पटलं नाही.

मेट्रोत बसायला मिळालं तरी उभीच राहिले. जिरं मला खरंच येतं का? की डबी पुढे आली, नाव सुचलं, आणि 'बरोबर' ऐकलं की मग जिऱ्याचा वास येतो?

१३ मार्च, होळी

अर्धी रजा टाकून पुरण घातलं. विद्याधर खाली होळीच्या वर्गणीचं बघायला गेलेला. पुरण वाटून झालं, वेलची घ्यायला डबी उघडली.

रिकामी.

एक दाणा नाही, साल नाही. आतून पुसलेली, कोरडी. घरात दुसरी वेलची नाही. आणि आज सकाळीच, चहाच्या आधी, या टेबलाशी बसून मी म्हटलं होतं – "वेलची." आणि तो म्हणाला होता – "बरोबर."

तेवढ्यात सुलक्षणावहिनी पुरणाची चौकशी करायला आल्या. वेलचीचं निघालं तर सहज म्हणाल्या, "संपली असेल ना. परवा रविवारी तू बाजारात गेली होतीस तेव्हा भावोजींनी आम्हाला चहा केला, म्हणाले, शेवटची वेलची तुमच्या नशिबात!"

रविवार! म्हणजे सोमवारपासून रोज मी वेलची ओळखते आहे. नसलेली वेलची.

त्या गेल्यावर दार लावलं. डब्या पाठीमागे घेऊन उलटसुलट केल्या, डोळे घट्ट मिटले आणि एकेक नाकाशी धरली. स्वतःच उघडायची, स्वतःच नाव घ्यायचं, मग डोळे उघडून बघायचं. हिंग आला. हिंग तर मेलेल्या नाकालाही येईल! लवंग कळली, तीही झोंबली म्हणून. जिऱ्याला मी धणे म्हटलं. दालचिनीला काहीच म्हणता आलं नाही. जायफळ – ओला पुठ्ठा. ओवा – ओला पुठ्ठा.

माझं 'ठणठणीत नाक', माझी 'मंदावलेली चूल', केयूरचा तो आनंद, जयवंत सरांसमोरची माझी ऐट, सगळं या माणसाच्या 'बरोबर'वर उभं होतं! एन्झाइम कमी असतील, यंत्र खोटं बोलत नाही. पण गेलंय ते तेवढंच नाही. जवळजवळ सगळंच गेलंय. आणि हे मला जानेवारीतच कळलं असतं.

पुरणात वेलची घातलीच नाही. जायफळही नाही. मुद्दाम. पोळी वाढली. विद्याधरने तुपात बुडवून पहिला घास घेतला, मान डोलावली. "वेलची काय छान लागलीय आज!"

किती खोटं बोलशील रे!

१४ मार्च, धुळवड

खाली पोरांचा दंगा, रंग, पाणी. मी खिडकी लावून बसले. त्याने सकाळी नेहमीप्रमाणे डब्या मांडल्या होत्या. "डोकं दुखतंय," म्हटलं.

राग जात नाही. त्याने लाजेकाजेने एकदा 'बरोबर' म्हटलं असतं तर समजले असते. रोज? मला वेड्यात काढलं त्याने – दयेने काढलं म्हणून काय झालं? मला माहीत आहे तो काय म्हणेल. "तुझा चेहरा बघवत नव्हता, वसु." मला नको आहे असली माया! मला खरं हवं होतं. जन्मभर मी खऱ्यासाठी घराची उदबत्ती विझवली.

आणि सगळ्यात राग कसला, तर पट्टी देणाऱ्याला उत्तर माहीत नको, हे मीच विसरले. त्यातून देणाऱ्याचा जीव आपल्यावर असेल तर मुळीच नको. हे नवीन मुलांना शिकवायला हवं होतं.

१७ मार्च, सोमवार

केयूरला सांगून टाकलं. घरची चाचणी आंधळी नव्हती, मी खोटं सांगितलं, घरचे सगळे आकडे काढून टाक. त्याने वहीतल्या घरच्या आकड्यांवर काट मारली. मग म्हणाला, "ठीक आहे, ताई. पण तुमचा नमुना खरा आहे. तो ठेवतो."

मग जयवंत सरांकडे गेले. परीक्षेला बसणार नाही म्हटलं. नवीन मुलांचं शिकवणं घेते. त्यांनी चहा मागवला. या वेळी चांगला लागला. नुसता गोड आणि गरम, पण चांगला.

बाहेर पडताना कोपऱ्यावरच्या फुलवालीकडून मोगऱ्याचा गजरा घेतला आणि माळला. आता कोण अडवतंय! नाकाशी धरून बघितला. काही नाही. गार, ओलसर, एवढंच. मेट्रोतली एक मुलगी वळून बघत होती, म्हणजे दरवळत असावा.

विद्याधर गजऱ्याबद्दल अक्षर बोलला नाही. बसला होता माझ्या शेजारीच, टीव्ही बघत, माझ्या केसांत गजरा. घरात इतक्या वर्षांनी मोगरा येतो आणि या माणसाला पत्ता नाही! बोलायचं मनात होतं. पण कंटाळा आला भांडायचाही.

२१ मार्च, शुक्रवार

डब्या अजून रोज टेबलावर मांडलेल्या असतात. वेलचीची भरून आणलीय त्याने गुपचूप.

ठरवलं. उद्या मी त्याला बसवणार. डोळे मिट म्हणणार, आणि एकेक डबी धरणार. चुकला की 'चूक' म्हणणार, सरळ, तोंडावर. चूक, चूक, चूक! 'बरोबर' एवढं स्वस्त नसतं, कळू दे त्याला.

२२ मार्च, शनिवार

हिंगापासून सुरुवात केली. सोपं म्हणून.

डबी अगदी नाकाशी धरली. त्याने मोठा श्वास घेतला. थांबला. परत घेतला. मला वाटलं, चेष्टा करतोय. पण कपाळावर आठी होती, शाळेत उत्तर न येणाऱ्या मुलासारखी. खाली बघितलं – मांडीवरच्या डाव्या हाताचा अंगठा बोटावर फिरत होता, माळेचे मणी ओढावेत तसा. विद्याधर कधी जप करत नाही.

"वेलची," म्हणाला. मग डोळे मिटूनच, हळू – "हो ना, वसु?"

"बरोबर," म्हटलं.

झाकण मीच लावलं. हात पुढे करायला लावणाऱ्या त्या डॉक्टरीणबाईंकडे सोमवारची वेळ घेतलीय. त्याला सांगितलं, माझ्या नाकासाठी जायचंय, सोबत ये.